कोळशाचे ट्रक: बायपास की रेल्वे?

विदर्भातल्या कोळसा खाणींच्या वणी-घुग्गुस पट्ट्यात, ट्रक जातात त्या रस्त्याकाठच्या घरी माठाच्या झाकणावर बोट फिरवा, काळं निघतं. उपाय दोन सांगतात: गावाबाहेरून बायपास, नाहीतर कोळसा रेल्वेने न्या.

बायपासचा गुण खरा आहे. डिझेलचा धूर रस्त्यालगत सगळ्यात दाट असतो, दोन-तीनशे मीटरवर बराच विरळ होतो. म्हणजे शाळेला, दवाखान्याला लगेच आराम. पण ट्रक तेवढेच. धूळ गावातून उठून पऱ्हाटीवर बसते, अन् निंदायला गेलेल्या बायांच्या नाकातोंडात जाते. शिवाय काही वर्षांत बायपासच्या कडेला ढाबे, मग घरं. हे ठरलेलंच!

रेल्वेने ट्रकच कमी होतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक मानकाच्या) गाड्या धूर कमी सोडतात, मान्य. पण टायर-ब्रेकची अन् सांडलेल्या कोळशाची धूळ इंजिन बदलून थांबत नाही. तिला फेऱ्याच घटायला हव्या. अडचण सायडिंगची, म्हणजे रेल्वेच्या डब्यांत कोळसा भरायच्या जागेची. भरताना पाणी मारलं नाही तर शेजारची वस्ती भोगते. ट्रकवर पोट असलेल्यांचा प्रश्नही आहेच.

मला विचाराल तर आधी रेल्वे. तोवर ताडपत्री कोळशावर घट्ट बांधलेली दिसू द्या, केबिनच्या टपावर गुंडाळलेली नको.