अंगठ्याला टाके होते, तरी अंगठ्याचा अहवाल आला

आधी आकडे सांगते. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या चाचणीचं ‘फॅमिली पॅकेज’ 11,800 रुपये, म्हणजे 10,000 अधिक जीएसटी. ‘एक्स्पर्ट काउन्सेलिंग’ 2,500. ‘गिफ्टेड मेंटॉरिंग प्रोग्राम’ 46,020, प्रत्येकी 11,505 रुपयांच्या चार हप्त्यांत. एकूण 60,320 रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही. आणि माझ्या मुलाचं तिसरीचं अख्खं वर्ष गेलं, ते कुठल्याच पावतीवर नाही.

प्रकार तुम्हाला ऐकून माहीत असेल. शाळेत मोफत सेमिनार, आजच नाव दिलं तर सवलत, मशिनवर दहा बोटांचे ठसे, आठ दिवसांनी जाडजूड रंगीत फाइल. डीएमआयटी म्हणतात त्याला, म्हणजे ‘डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट’. आमच्याकडे आलेल्यांनी ते नाव कुठेच छापलं नव्हतं. पत्रकावर होतं ‘प्रज्ञावान मुलांची शास्त्रशुद्ध ओळख’. ठशांच्या जोडीला टॅबवर 20 मिनिटांची कोडी होती, त्यामुळे ही बुद्धिमत्ता चाचणीच आहे असं मला वाटलं. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनवाले आले असते, तर मी त्यांना दारातच ओळखलं असतं. हे तसे दिसत नव्हते.

मी अडाणी नाही. 14 वर्षं हिशेब विभागात काम करते, लोकांच्या बिलांमधल्या चुका काढते. पण सेमिनार शाळेच्या हॉलमध्ये होता, निरोप शाळेच्या ग्रुपवर आला होता आणि मुख्याध्यापिका स्वतः व्यासपीठावर बसल्या होत्या. भिंतीवर आयएसओचं प्रमाणपत्र, शेजारी उद्यम नोंदणी. आयएसओ 9001 कामकाजाच्या व्यवस्थेला मिळतं, चाचणी खरी की खोटी याच्याशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी कुठल्याही लहान धंद्याची होते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या 60-70 पालकांपैकी कुणालाच ते विचारावंसं वाटलं नाही, मग मी एकटीच मूर्ख कशी?

पडद्यावर पहिलाच फोटो फ्रान्सिस गाल्टनचा होता. ठशांच्या शास्त्राचा पाया या थोर शास्त्रज्ञाने घातला, असं सांगितलं. आईच्या पोटात ठसे आणि मेंदू एकाच काळात घडतात, म्हणून ठशांत मेंदूचा नकाशा असतो, हे त्याच दमात. मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या बहुविध बुद्धिमत्ता, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते हा सिद्धांत. सगळं संपल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर, मी वाचायला बसले. गाल्टनने 1892 च्या त्याच्या ठशांवरच्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय की ठशांवरून वंश आणि स्वभाव कळेल अशी त्याला मोठी आशा होती आणि ती खोटी ठरली. गार्डनरने 1983 मध्ये सिद्धांत मांडला, त्यात बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरपणे सांगितलेलं आहे. म्हणजे ज्या माणसाचा फोटो दाखवून मला गंडवलं, त्यानेच सव्वाशे वर्षांपूर्वी या गोष्टीवर काट मारली होती.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही रात्री झोप उडते.

चाचणीच्या चार दिवस आधी मुलाचा उजवा अंगठा दारात चेमटला होता. तीन टाके पडले होते, वर जाड पट्टी. ठसे घेणाऱ्या मुलाने नऊ बोटं घेतली आणि अंगठ्यापाशी थांबला. मी म्हटलं, आपण पंधरा दिवसांनी येऊ या का? तो म्हणाला, “गरज नाही मॅडम, डावा-उजवा मिरर असतो, सॉफ्टवेअर ॲडजस्ट करतं.” आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याने डावा अंगठा दुसऱ्यांदा मशिनवर ठेवला.

मी पाहिलं, मला खटकलंसुद्धा. दोन अंगठे सारखेच असतील तर दोन्ही घेता कशाला, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण मागे पालकांची रांग होती, ओळखीच्या दोन आया बघत होत्या आणि मुलगा कंटाळून हात ओढत होता. मी गप्प बसले. तेव्हा तोंड उघडलं असतं तर नुकसान 11,800 वर थांबलं असतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, म्हणजे हे शंख आणि चक्रंच बघतात की बोटांवरची. आमच्या गावचा जोशी सव्वा रुपयात बघायचा.” मी त्यांच्यावर चिडले. ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं तोंडावर म्हटलं. त्यांना सगळं कळलं होतं. मुलगा शेजारच्या खोलीत होता, त्यानेही ते ऐकलं. त्याबद्दल मी नंतर त्यांची माफी मागितली, पण बोललेलं परत घेता येत नाही.

फाइल 42 पानांची आली. मुलाचा आयक्यू 138. पान 17 वर उजव्या अंगठ्याचं स्वतंत्र विश्लेषण, ‘असामान्य नेतृत्वगुण’. ज्या अंगठ्याचा ठसा घेतलाच नाही, त्याचं अर्धं पान! एटीडी अँगल (तळहातावरचा एक कोन), टीएफआरसी (बोटांवरच्या रेषांची एकूण संख्या), उजवा मेंदू साधारण 61 टक्के, डावा साधारण 39 टक्के. टक्क्यांच्या पुढे दोन दशांश स्थळं होती. दशांश चिन्ह दिसलं की आपण विश्वास ठेवतो, मी तर हिशेबातली बाई.

पण मुलाच्या आकड्यावर मी 46,020 भरले नसते. तेवढी सावध मी होते. मला पाडलं माझ्याच अहवालाने.

पॅकेज तिघांचं होतं, म्हणून नवऱ्याचे आणि माझेही ठसे घेतले होते. समुपदेशक बाई तोवर मला ‘मॅडम’ म्हणत होत्या. माझी फाइल उघडली, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “ताई, तुम्हाला लहानपणी कुणी सांगितलंच नाही का?” आयक्यू 133. मी गिफ्टेड होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्या म्हणाल्या. मला दहावीला गणितात 150 पैकी 144 होते. सायन्सला जायचं होतं. घरची परिस्थिती नव्हती, कॉमर्स केलं. हे मी चाचणीआधी भरून घेतलेल्या चार पानी फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं! ‘तुमची राहून गेलेली इच्छा’ असा रकानाच होता. तेच मला परत वाचून दाखवलं आणि मी त्या खुर्चीत रडले. “तुमच्या बाबतीत जे झालं ते मुलाच्या बाबतीत होऊ देऊ नका,” हे पुढचं वाक्य, आणि त्यापुढे प्रोग्रामचा फॉर्म.

चाचणीआधी लांबलचक फॉर्म भरून घेत असतील तर तिथेच उठा. खरा मानसशास्त्रज्ञसुद्धा माहिती विचारतो, पण तीच माहिती चाचणीचा निष्कर्ष म्हणून विकत नाही.

समुपदेशनाचे 2,500 यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर घेतले, पावती नाही. प्रोग्रामसाठी ‘झिरो कॉस्ट ईएमआय’ सांगितलं. फोनवर आलेला ओटीपी मी दिला आणि माझ्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज तयार झालं. केंद्राला सगळी रक्कम आधीच मिळालेली. नऊ सत्रांनंतर मी प्रोग्राम बंद करा म्हटलं, तेव्हा कळलं की सत्रं थांबतील, हप्ते थांबणार नाहीत. हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जाची पत, खराब. क्लासच्या फीसाठी कुणीही ओटीपी मागितला तर तो फीचा नसून कर्जाचा असू शकतो. 48 सत्रं कबूल केली होती, तीन वेळा मेंटॉर बदलले, आणि वर्कशीट म्हणून आलेली कोडी इंटरनेटवर फुकट मिळतात.

पैशांपेक्षा वाईट पुढे घडलं. नोव्हेंबरमध्ये वर्गशिक्षिकांनी डायरीत लिहिलं की मुलगा वाचताना ओळी गाळतो, जोडाक्षरांपाशी अडतो, त्याला कुणाला तरी दाखवा. मी ती डायरी घेऊन केंद्रात गेले. उत्तर मिळालं, “उजव्या मेंदूची मुलं अशीच असतात, वाचनाची सक्ती करू नका, त्याची प्रतिभा मरेल.” आणि मी घरातलं रोजचं वाचन बंद केलं. नोव्हेंबर ते मार्च. एक प्रामाणिक बाई मला लिहून सांगत होती आणि मी पैसे घेतलेल्या माणसांचं ऐकलं.

एप्रिलमध्ये नवऱ्याने हट्ट करून एका नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नेलं. फी 4,000, दोन बैठका, एकूण तीन तासांच्या आसपास. त्यांनी चाचणीचं नाव आधी सांगितलं: बिने-कामत. 1930च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी बिने यांच्या परदेशी चाचणीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली, आपल्याकडे अजून वापरात असलेली. समोरासमोर बसून, एकेक प्रश्न विचारत. शेवटी एक आकडा न देता 112 ते 122 असा पट्टा दिला, कारण कुठल्याही चाचणीत मोजमापाची चूक असतेच. मुलगा सरासरीपेक्षा चांगला वर आहे आणि वाचनात अध्ययन अक्षमतेची लक्षणं आहेत. हुशार असल्यामुळे तो ऐकून, अंदाजाने वेळ मारून नेत होता. वर्षभर आधी आला असता तर बरं झालं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

त्यांच्याकडूनच एक साधा हिशेब कळला, जो मला आधी सुचायला हवा होता. सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) 15 धरलं तर 130 च्या वर शंभरात दोनच्या आसपास माणसं असतात. आमच्या पालकांच्या ग्रुपवर अकरा जणींनी मुलांचे आकडे अभिमानाने टाकले होते. नऊ जणांचे 130 च्या वर! मी त्या प्रत्येकीला ‘अभिनंदन’ म्हणून फुलं पाठवली.

मग तक्रारी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आम्ही फक्त हॉल दिला.” मग ग्रुपवरचा निरोप कुणी टाकला होता, त्यावर शाळेचं चिन्ह कसं होतं? उत्तर नाही. हॉलचं भाडं घेतलं का विचारलं, तर परीक्षेचं वेळापत्रक काढून बसल्या. शिक्षण खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला, सही-शिक्क्याची पोच घेतली. पाच आठवड्यांनी उत्तर, बाहेरच्या खासगी संस्थेवर आमचं नियंत्रण नाही. अहो, कार्यक्रम शाळेत झाला, शाळेच्या वेळेत झाला, तिसरी-चौथीच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, ते ठसे आज कुणाकडे आहेत हे विचारणंही तुमच्या अधिकारात बसत नाही? पोलीस चौकीत तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा “हे दिवाणी आहे, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत.” तिसऱ्यांदा टेबलावरचा माणूस म्हणाला, “मुलगा हुशार आहे असं सांगितलं, यात फसवणूक कसली?” आणि शेजारचा हसला. मी रजा टाकून गेले होते. ऑनलाइन तक्रार केली, तर केंद्राने ‘सेवा पूर्ण दिली’ एवढं कळवलं आणि ‘निकाली’ असा मेसेज आला. निकाली! मला एक फोनसुद्धा न करता. मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीचं काम पाहणाऱ्यांकडे लिहिलं, तर म्हणे नोंदणी असलेल्यांवरच कारवाई करता येते आणि या लोकांची नोंदणीच नाही. म्हणजे परवाना असलेला चुकला तर त्याला शिक्षा, आणि परवानाच नसलेला मोकळा.

म्हणून आधी नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर तपासता येतो. ‘सर्टिफाइड ॲनालिस्ट’, ‘ब्रेन कोच’ या पदव्या कुणीही छापून घेतो. चाचणीचं नाव विचारा. नाव ‘आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर’ असेल तर पर्स बंद करा. चाचणी घेणारा आणि पुढचा क्लास विकणारा एकच असेल तर निकाल आधीच ठरलेला असतो. मोठ्यांनाही सांगते, ‘तुम्ही गिफ्टेड होता, कुणी ओळखलं नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून पहिल्याच भेटीत येईल, त्याला एक पैसा देऊ नका. हुशार मुलांसाठी खरं काम करणारेही आपल्याकडे आहेत, पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून आहे. तिथे आधी चौकशी करायला मला कुणी अडवलं नव्हतं. आणि वर्गशिक्षिका काही लिहून पाठवत असतील तर ते आधी वाचा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत करावी लागते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाज धरून गप्प बसू नका, पावत्या आणि ग्रुपवरचे निरोप जपून ठेवा. अकरा जणींपैकी दोघी माझ्यासोबत सही करायला तयार झाल्या आहेत. बाकीच्या म्हणतात, आमच्या मुलाचा अहवाल बरोबरच आलाय.

तक्रारीला मी फाइलचं पान 17 जोडलं आहे. त्याच्यामागे टाके घालणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर चाचणीच्या चार दिवस आधीची तारीख आणि खाली त्यांच्या अक्षरात: उजवा अंगठा, पट्टी दहा दिवस काढू नये.