सहा रजिस्टन्सचं यंत्र: कंपोनंट टेस्टर आठ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी एक घेतला, संक्रांतीला तो जाळला, आठवड्यात दुसरा मागवला. म्हणजे अनुभव आठ महिन्यांचा असला तरी यंत्रं दोन. जाळला कसा ते पुढं येईलच.

अमळनेरात माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. पंखे, मिक्सर, इंडक्शन, सेटटॉप बॉक्सचे अडॅप्टर, आणि रब्बीच्या दिवसांत खेड्यांवरून येणारे मोटारीचे स्टार्टर. इतकी वर्षं एका डिजिटल मल्टिमीटरवर भागत होतं. सुटा पार्ट अडकवला की तो कोणता, किती मापाचा ते सांगणारा हा टेस्टर ऑनलाइन सातेकशे रुपयांत दिसला. बिनाब्रँडचा बोर्ड, वर छोटा स्क्रीन, खटका दाबून पाय अडकवायचं हिरवं सॉकेट आणि एकच बटण. खेळणं असेल म्हणूनच घेतला.

आल्याआल्या उलटा करून ट्रॅक बघितले, तर मोजणारं सर्किट म्हणून जवळपास काहीच नाही. एटमेगा ३२८ ही चिप, आणि तिच्या आणि सॉकेटच्या मध्ये सहा रजिस्टन्स: तीन ६८० ओहमचे, तीन ४७० के चे, म्हणजे ४७० हजार ओहमचे. सॉकेटच्या तीन टोकांपैकी प्रत्येकाला चिपचे तीन पाय जातात. एक थेट, एक ६८० मधून, एक ४७० के मधून. चिप प्रत्येक पायाला वाटेल तेव्हा ५ व्होल्ट देते, ग्राउंड करते किंवा मोकळा सोडते, आणि थेट पायावरचा व्होल्टेज मोजते. मोजायला १० बिटचा कन्व्हर्टर, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ तुकडे, एकेक साधारण ५ मिलिव्होल्टचा. मूळ कल्पना मार्कुस फ्रेयेक या जर्मन माणसाची. कार्ल-हाइन्झ क्युबलर यांनी ती पुढं खूप वाढवली. सर्किट आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं, म्हणूनच बाजारात त्याच्या इतक्या नकला.

तीन टोकांच्या दोन-दोनच्या जोड्या उलटसुलट धरून सहा होतात. बटण दाबलं की यंत्र सहाही जोड्या तपासतं: कुठून करंट जातो, कुठून नाही, आणि तिसऱ्या पायाला थोडा धक्का दिला की जातो का. एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर असेल तर बेस या पायाला ४७० के मधून जेमतेम ९ मायक्रोअँपिअर मिळतात, कलेक्टरला ६८० मधून जास्तीत जास्त सहा-सात मिलिअँपिअर. त्यावरून गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो ते काढून पायांच्या नावांसकट चित्र दाखवतं. ज्यांना भंगार बोर्डावरून ट्रान्झिस्टर काढून वापरायची खोड आहे त्यांनी एवढ्यासाठीच घ्यावा. बीसी ५४७ चे पाय सी-बी-ई, सी १८१५ चे ई-सी-बी, आणि नंबर पुसलेला असला की मल्टिमीटरनं शोधत बसण्यात पाच मिनिटं जातात. इथं दोन सेकंद.

पण माझी रोजची भाकरी कपॅसिटरवर. आपल्याकडं वैशाखात पंखा हळू फिरायला लागला की माणूस खांद्यावर पंखा टाकूनच येतो. त्यातला कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, अडीच मायक्रोफॅरडचा. यंत्र तो आधी रिकामा करतं, मग ४७० के मधून भरत जातं आणि १.१ व्होल्टला पोचायला किती वेळ लागला ते मोजतं. ०.१ मायक्रोला साधारण १२ मिलिसेकंद, अडीचला पाव सेकंदाच्या थोडं वर. वेळेवरून मायक्रो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरला इतकं थांबता येत नाही, म्हणून त्याला ६८० मधून १० मिलिसेकंदांचे ठोके मारतं आणि किती ठोक्यांत ०.३ व्होल्ट ओलांडला ते बघतं. विहिरीवर दोरखंड न मोजता किती बादल्यांत हौद भरला ते मोजावं, तसं. पंख्याचा कंडेन्सर १.६ दाखवला की गिऱ्हाइकालाच स्क्रीन दाखवतो, वाद मिटतो.

पैसे वसूल झाले ते मात्र ईएसआरवर, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या रजिस्टन्सवर. डिसेंबरात सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा एक अडॅप्टर आला, बॉक्स सारखा बंद-चालू व्हायचा. आउटपुटचा १००० मायक्रोचा कपॅसिटर फुगलेला नाही, गळलेला नाही. मल्टिमीटरच्या कपॅसिटर रेंजवर ८७० दिसला, म्हणजे पास. टेस्टरवर तोच ८७०, पण खाली ईएसआर ३.१ ओहम. पेटीतला नवा लावून पाहिला: ०.०६. कपॅसिटरच्या पोटात तीन ओहमचा रजिस्टन्स बसला असेल तर तो रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली चढउतार, कसा गिळणार? उलट स्वतःच तापतो, आणखी सुकतो. अशा कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टीव्हीमागं अडकवलेल्या अडॅप्टरचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. तो एक कपॅसिटर बदलला, अडॅप्टर अजून चालतोय.

आता तक्रारीचा भाग. यंत्राकडं फक्त ५ व्होल्ट आणि सहा-सात मिलिअँपिअर आहेत. त्याच्या बाहेरचं जग त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही हे ते सांगतही नाही. १२ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टला उलटा करंट सोडणारा डायोड) लावा, साधा डायोड म्हणतं. ३५ मिलिअँपिअर गेट करंट लागणारा बीटी १३६ ट्रायॅक (एसी करंटचा इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याच्याकडून चालूच होत नाही, मग भलतंच काही दाखवतं. पंख्याचा कंडेन्सर ४४० व्होल्टला लीक असेल तर ५ व्होल्टवर तो सद्गुणीच.

इंडक्शन शेगडीच्या आयजीबीटीनं, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरनं, तर मला चक्क फसवलं. एच२०आर१२०३. जुना काढून लावला, टेस्टर म्हणाला डायोड. गेला असणार म्हणून जळगावहून दोन नवे आणले, तेही डायोड. बनावट माल दिला म्हणून मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या. तेवढ्यात आमचे अप्पा आले, ज्यांच्या हाताखाली मी सोल्डरिंग शिकलो.

‘‘काय सांगस तुनं यंत्र?’’

‘‘अप्पा, तिन्ही डायोड सांगतंय.’’

अप्पांनी त्यांचा जुना काट्याचा मीटर मागवून घेतला. दहा-के रेंजवर टाकला. या रेंजला आतली ९ व्होल्टची बॅटरी लागते, आणि काट्याच्या मीटरमध्ये काळी पिन पॉझिटिव्ह असते. काळी गेटला, लाल एमिटरला, क्षणभर टेकवली. मग काळी उचलून कलेक्टरला लावली. ‘‘आते मना काटा देख.’’ काटा सरळ पलीकडं जाऊन पडला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी गेट आणि एमिटरवर एकदमच ओलं बोट ठेवलं, काटा परत आला. आयजीबीटी ठणठणीत. हा माल चालू व्हायलाच साडेपाच-सहा व्होल्ट लागतात. पाचवाल्या यंत्राला तो कधी चालू झालेला दिसणारच नाही. आतला डायोड तेवढा दिसतो. तिन्ही नग चांगले होते, बिघाड गेट चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये निघाला.

संक्रांतीचं प्रकरण माझ्याच घाईचं. एका पॉवर सप्लायचा १०० मायक्रो ४०० व्होल्टचा कपॅसिटर काढून थेट सॉकेटात घातला. लाइटीचे २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन ३२५ च्या आसपास होतात, आणि तो कपॅसिटर तसाच भरलेला होता. बारीकसा ‘टक’ आवाज, स्क्रीन गेली. थेट पायाच्या वाटेत एकही रजिस्टन्स नाही, त्यामुळं सगळं चिपच्याच अंगावर आलं. नवी कोरी चिप आणून सॉकेटात बसवली तरी उपयोग नाही, तिच्यात प्रोग्राम लागतो. आता १०० वॅटच्या बल्बच्या वायरी टेबलाखालीच लटकवून ठेवल्यात. मोठा कपॅसिटर रिकामा करायला आधी बल्बवर, मग मीटरवर, मग टेस्टरवर.

बॅटरीचं सर्किट झकास आहे. बटण दाबलं की ट्रान्झिस्टर सुरू होतो, चिप जागी झाली की त्याला स्वतःच धरून ठेवते, आणि उत्तर दाखवून झालं की सोडून देते. बंद असताना बॅटरी जवळपास खातच नाही. चालू असताना मात्र स्वस्तातली ९ व्होल्टची बॅटरी महिनाभरात उतरली. मी लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले दोन सेल सिरीजमध्ये लावले, मार्चपासून एकदाच चार्ज केलेत.

सॉकेटची पकड पाच महिन्यांत सैल झाली. पंख्याच्या कंडेन्सरच्या जाड वायरी त्यात कोंबू नका. मी तीन वायरींना क्लिपा सोल्डर केल्या. वायर जोडली की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं: तिन्ही टोकं एकत्र शॉर्ट करून बटण दाबायचं, सांगेल तेव्हा सोडायची, मग एक चांगला कपॅसिटर १ आणि ३ ला. हे न करता लहान ईएसआर मोजला तर वायरीचाच रजिस्टन्स त्यात धरला जातो. मागवताना पाकिटात क्लिपा आहेत का तेवढं बघून घ्या, माझ्या दोन्ही पाकिटांत नव्हत्या.