पहिला फिल्टर कोणता घ्यावा: सीपीएल की एनडी?

पावसाळ्यात सह्याद्रीत फोटो काढायचे आहेत आणि बजेट एकाच फिल्टरचं आहे, अशा वेळी बहुतेकांचं मन एनडीकडे (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर) ओढतं. धबधब्याचं दुधासारखं पाणी सगळ्यांनाच हवं असतं. माझं मत मात्र ठाम आहे: आधी सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चकाकी घालवणारा फिरता फिल्टर) घ्या.

एनडी सगळाच प्रकाश सारखा कमी करतो. एनडी८ म्हणजे ३ स्टॉप, एनडी६४ म्हणजे ६ (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). १/८ सेकंदाचं एक्सपोजर (सेन्सरवर प्रकाश पडण्याचा वेळ) एनडी६४ लावल्यावर ८ सेकंदांचं होतं आणि पाण्याचा प्रवाह गुळगुळीत दिसतो. त्याचं काम एवढंच, आणि ते तो चोख करतो.

सीपीएल प्रकाश निवडून अडवतो. सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावत येतात. हा प्रकाश पाण्यावरून, काचेवरून किंवा ओल्या पानावरून तिरपा परावर्तित झाला की त्यात एकाच दिशेची कंपनं वरचढ होतात, हेच ध्रुवीकरण. फिल्टरची रिंग फिरवत नेली की एका ठिकाणी ही कंपनं अडतात आणि चकाकी विरते. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन साधून पाहिलं, तर हा परिणाम सर्वात जोरदार मिळतो. तळाचे दगड दिसू लागतात, शेवाळाचा खरा हिरवा रंग उमटतो. धातूवरची चमक मात्र अशी जात नाही.

‘ढगाळ हवेत सीपीएलचा काय उपयोग?’ हा प्रश्न हमखास येतो. ढगाळ आकाशावर त्याचा परिणाम होत नाही, हे खरं. निळं आकाश गडद करायचं तर ते स्वच्छ हवं, तेही सूर्यापासून ९० अंशांवरचं. पण ओल्या पानांवरची पांढरट चमक ढगाळ हवेतही जाते, आणि पावसाळी जंगलात आपल्याला नेमकं तेच हवं असतं. ही चमक पानाचा रंगच झाकून टाकते; झाकलेला रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये परत आणता येत नाही. एनडीचा परिणाम मात्र ट्रायपॉडवर बरेच फोटो काढून, त्यांची सरासरी घेऊन बराचसा साधता येतो.

शिवाय सीपीएल स्वतःच दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. दाट झाडीत, आयएसओ १०० (कमी संवेदनशीलता) आणि एफ/११ (लेन्सचं लहान छिद्र) ठेवलं, तर ओढ्याचं पाणी मऊ दिसण्याइतकं एक्सपोजर बहुधा त्यातच मिळतं. भर उन्हातला धबधबा किंवा समुद्राच्या लाटांचं धुकं करायचं असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही; एनडी किंवा वरची सरासरीची युक्ती लागते.

सीपीएलच्या मर्यादाही आहेत. खूप वाइड लेन्सवर निळं आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं येतं. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असतो, त्यामुळे रिंग चुकीची फिरली तर इंद्रधनुष्यच गायब! तळ्यातलं प्रतिबिंब हवं असेल तेव्हा फिल्टर सरळ काढून ठेवा.

स्वस्तातला लिनियर पोलरायझर (सीपीएलचाच साधा प्रकार) मिररलेस कॅमेऱ्यावर सहसा चालतो. डीएसएलआरमध्ये मात्र त्याने मीटरिंग (प्रकाशमापन) आणि ऑटोफोकस फसू शकतं, म्हणून सीपीएलमध्ये मागे क्वार्टर-वेव्ह प्लेट (हा घोळ टाळणारा थर) जोडलेली असते.

‘व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी) घेतला की दोन्ही कामं होतील’ असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात, त्यामुळे अंधार आणि चकाकी दोन्ही हवी तशी वेगवेगळी राखता येत नाहीत. टोकाला नेलं की फोटोवर काळी फुलीही उमटते. त्यापेक्षा सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा एक चांगला सीपीएल घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा.