तीन 'व्ही', एक 'डी': ओपनएसएसएचच्या डीबगिंगचा रिव्ह्यू

ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचा प्रोग्रॅम, १९९९ पासून आहे आणि बहुतेक सर्व्हरवर आयतंच मिळतं. त्याचा रिव्ह्यू कोण लिहितं? पण त्यातली डीबगिंगची, म्हणजे बिघाड शोधायची, सोय मी इतकी वर्षं नीट वापरलीच नव्हती. गेल्या महिन्यात वापरावी लागली, म्हणून फक्त तिच्याबद्दल.

सर्व्हरवर चौदा खाती, त्यातली अकरा ठणठणीत. उरलेल्या तिघांचा पासवर्ड मान्य व्हायचा, 'लास्ट लॉगिन'ची ओळ दिसायची आणि पापणी लवायच्या आत कनेक्शन बंद. "मॅडम, दार उघडतंय आणि लगेच बाहेर ढकलतंय," असं त्यांच्यातला एकजण म्हणाला. मला अजून नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

आधी क्लायंटला, म्हणजे लॉगिन करणाऱ्याच्या बाजूच्या 'एसएसएच' कमांडला, जास्त तपशील सांगायला लावणारे तीन 'व्ही' लावले. तीनच, कारण त्यापुढे लावून काही वाढत नाही. पडद्यावर दोनेकशे ओळी ओतल्या जातात आणि नवखा माणूस पहिल्या दहा ओळींतच अडकतो. खालून वर वाचा. माझ्याकडे तळाशी 'एक्झिट-सिग्नल' (प्रोग्रॅम सिग्नलने मारला गेल्याची खूण) होतं आणि 'एक्झिट स्टेटस' उणे १. म्हणजे ऑथेंटिकेशन झालेलं होतं, शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, तोही सुरू झाला होता, तो स्वतःहून बाहेर न पडता मेला होता. किल्ल्या, परवानग्या, फायरवॉल हे सगळे संशयित एका ओळीत सुटले. सोयीचा हा भाग मला फार आवडला. उणीव एकच, कोणत्या सिग्नलने मेला ते क्लायंट सांगत नाही.

मग सर्व्हरची बाजू. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम, डीबगचा 'डी' लावून वेगळ्या पोर्टवर, २२२२ वर, उभा केला. २२ वरचा नेहमीचा चालूच राहतो, त्यामुळे कोणाचं काम अडत नाही. प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो, नुसत्या नावाने तो चालायला नकार देतो. आणि या अवस्थेत तो एकच कनेक्शन हाताळतो आणि आटोपतो. पोर्ट उघडं आहे का बघायला मी टेलनेटने जोडून पाहिलं आणि ती एकुलती एक संधी स्वतःच वाया घालवली. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, वाचलं कोणी!

सर्व्हरच्या बाजूला जे कळतं ते क्लायंटला मुद्दाम कळू दिलं जात नाही. मागे एकदा एका खात्याचा शेलच सर्व्हरवरून काढला गेला होता. तेव्हा वापरणाऱ्याला नुसतं 'परमिशन डिनाइड' दिसत होतं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र शेल अस्तित्वात नाही असं स्वच्छ लिहिलेलं. या वेळी तसं काहीच नव्हतं. सेशन उघडलं, शेल दिला, शेल गेला. एसएसएचडी निर्दोष.

खरा धागा भलतीकडे सापडला. त्याच तीन खात्यांवर फाइल पाठवता येत होती. लॉगिन न करता नुसती 'अपटाइम' कमांड दिली तर उत्तरही यायचं. म्हणजे मरत होता तो फक्त इंटरॅक्टिव्ह शेल, समोर बसून कमांड टाइप करतो तो. कर्नलच्या लॉगमध्ये बॅशच्या, म्हणजे आमच्या शेलच्या, नावासमोर सेगफॉल्टच्या (मेमरीच्या चुकीने कोसळल्याच्या) ओळी रांगेने उभ्या होत्या. बॅशआरसी, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल, उघडली. सुरुवातीला नेहमीची अट, इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर. त्याखाली कोणीतरी 'सीडी' या डिरेक्टरी बदलायच्या कमांडच्याच नावाचं फंक्शन लिहिलेलं, डिरेक्टरी बदलली की लगेच यादी दाखवणारं. फंक्शनच्या आत पुन्हा 'सीडी'च. ते स्वतःलाच हाक मारत राहणार, स्टॅक (अशा हाकांची नोंद ठेवणारी मेमरी) भरणार, बॅश कोसळणार. आणि फाइलच्या शेवटच्या ओळीत प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत जायला एक 'सीडी'.

'कोणीतरी' म्हणजे मीच. नव्या लोकांची सोय म्हणून मी ती फाइल एटीसीखालच्या स्केल (skel, नव्या खात्यांचा साचा) डिरेक्टरीत टाकली होती. तिथल्या फाइली खातं तयार होताना एकदाच कॉपी होतात, म्हणून जुनी अकरा खाती वाचली आणि नंतरची तीन बळी पडली.

दुरुस्ती एका शब्दाची. आतल्या 'सीडी'च्या आधी 'बिल्टइन' लिहिलं, म्हणजे फंक्शन नव्हे, बॅशची मूळ कमांड चालते. स्केलमध्येही आणि तिघांच्या होम डिरेक्टरीतही, कारण स्केल सुधारल्याने आधीची खाती सुधारत नाहीत. ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकाराचं खातं) नाही त्याने एसएसएचला 'टी' लावून 'बॅश नोआरसी', म्हणजे बॅशआरसी न वाचता बॅश सुरू कर, ही कमांड द्यावी. वरची इंटरॅक्टिव्हची अट शाबूत असेल तर आत शिरता येतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या न सांगितलेल्या सिग्नलचा. टेलनेटचा गुण मी माझ्याच खात्यातून कापला आहे.