टिक्का टी३एक्स लाइट: हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल

आपल्याकडे हौसेची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. त्यामुळे हे परीक्षण अमेरिकेत राहणाऱ्या आणि व्हाइटटेल हरणाच्या हंगामासाठी पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. डोंगर-जंगलात पायी फिरणार असाल तर टी३एक्स लाइट डोळे झाकून घ्यावी, इतकी चांगली आहे. टेक्सासमधल्यासारखं मचाणात बसून हरणाची वाट पाहणार असाल, तर तिच्या हलकेपणाचा उपयोग काहीच नाही आणि धक्का मात्र प्रत्येक गोळीला खावा लागतो. अशांनी जड नळीचं मॉडेल बघावं.

पैसे मोजण्याआधी कायदा बघा. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर मात्र बंदूक किंवा काडतुसं नुसती जवळ बाळगणंही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. दुसरी गोष्ट राज्याची. न्यू जर्सीत हरणावर असली रायफल चालतच नाही, तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्य लागतं. ओहायोत फक्त सरळ भिंतीच्या (तोंडाशी अरुंद न होणाऱ्या) काडतुसाच्या रायफलींना परवानगी आहे, म्हणजे या रायफलीचं .३०८ काडतूस तिथे बाद. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने भरायची) चालते; न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिकडे जाणाऱ्यांना ही रायफल म्हणूनच सोयीची पडते.

आता रायफलीकडे. फिनलंडमधल्या रीहिमाकी इथे साको कंपनी ती बनवते. टी३ २००३मध्ये आली, टी३एक्स २०१६मध्ये. स्कोपशिवाय (नेम धरायच्या दुर्बिणीशिवाय) वजन तीन किलोच्या आसपास, .३०८मध्ये नळी साडेबावीस इंचांच्या जवळपास. हिची खरी मिजास बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या दांड्यात आहे. तो फक्त ७० अंशांत उघडतो, त्यामुळे मूठ स्कोपला अडकत नाही, आणि मागे-पुढे करताना कुठे खरखर किंवा हेलकावा जाणवत नाही. या किमतीत इतका गुळगुळीत बोल्ट दुसरीकडे सहसा मिळत नाही. रुगर कंपनीची ‘अमेरिकन’ रायफल स्वस्त आहे आणि नेमालाही चांगली आहे, पण दोन्ही बोल्ट एकापाठोपाठ हाताळून बघा, फरक लगेच कळेल. चाप दोन ते चार पौंडांत बसवता येतो, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून त्याच पोकळीतून षटकोनी चावीने. थंडीत हातमोजे घालून वापरायची असेल तर तीन पौंडांखाली जाऊ नका.

काडतूस कोणतं? सवय नसलेल्या खांद्याला इतक्या हलक्या रायफलीत .३०८चा धक्का बोचतो. माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच आक्रसतो आणि गोळी खाली-बाजूला जाते. म्हणून लाइट घेणाऱ्या नवशिक्याने ६.५ क्रीडमूर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०० यार्डांपर्यंत हरणासाठी ते पुरून उरतं. .२४३चा धक्का आणखी कमी, पण गोळी हलकी असल्याने जागा चुकली तर जखमी जनावर शोधत फिरावं लागतं. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याची गोळी घ्या आणि नेमही त्याच गोळीवर बसवा. शिशाच्या गोळीवर बसवलेला नेम तांब्याला लागू होईलच असं नाही.

माप घेताना जाकीट घालूनच घ्या. दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत टेकवली की तर्जनीचं पेर चापावर आरामात यायला हवं. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे. आखूड दस्त्याचं कॉम्पॅक्ट मॉडेल मागा. डावखुऱ्यांसाठी वेगळी रायफल मिळते.

सगळ्यात जास्त घोळ स्कोप बसवताना होतो. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) डोक्यावर १७ मिलिमीटरची खाच आहे, छोट्या .२२ रायफलीच्या ११ मिलिमीटरच्या, स्कोप धरायच्या रिंगा तिथे बसत नाहीत. ३-९x४० स्कोप पुरतो. डोळा आणि काच यांत साडेतीन इंच ठेवा, कमी ठेवलं तर भुवई फुटते. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने १५ ते १८ इंच-पौंडांवर, आडवेतिडवे थोडे-थोडे आवळा. अंदाजाने पिळले तर स्कोपची नळी चेपते. मग बोल्ट काढून रायफलीच्या नळीतून २५ यार्डांवरचं लक्ष्य बघा आणि स्कोपमधल्या फुलीचा मध्य त्यावर आणा. २५ यार्डांवर नेम एक इंच सरकवायला स्कोपच्या घुंडीचे साधारण १६ क्लिक लागतात, १०० यार्डांवर चार. २५वर गोळी अर्धा इंच खाली लागू द्या आणि अंतिम नेम १००वर बसवा. तसा बसवला की २०० यार्डांवर गोळी साधारण चार इंच खाली जाते.

नेम बसवताना तीन गोळ्यांनंतर थांबा. लाइटची नळी बारीक आहे, लवकर तापते आणि गोळ्या पसरू लागतात. लोक हा दोष स्कोपच्या माथी मारतात आणि क्लिक फिरवत बसतात. दस्त्याचा नळीखालचा प्लास्टिकचा भाग लवचीक आहे. पट्टा ताणला किंवा टेकू जोरात दाबला तर तो नळीला टेकू शकतो. वाळूच्या पिशवीवर ठेवा, लाकडाच्या कडेवर नको.

खटकतात त्या दोन गोष्टी. सुरक्षा खटका दोनच टप्प्यांचा आहे, तो लावला की बोल्टही अडकतो. म्हणजे नळीतलं काडतूस काढायचं तर आधी खटका सोडावा लागतो. अशा वेळी नळी जमिनीकडे आणि बोट चापाबाहेर, याला पर्याय नाही. दुसरं म्हणजे मॅगझिन. ते प्लास्टिकचं, तीन काडतुसांचं आणि जादा घ्यायचं तर महाग. बसवल्यावर कट्ट आवाज ऐका आणि खाली ओढून बघा. अर्धवट बसलेलं मॅगझिन चालता चालता गळून पडतं, आणि पानांच्या थरात काळं प्लास्टिक सापडता सापडत नाही.