बोटीच्या बॅटरीची केबल: कल्हईची, गाडीची की वेल्डिंगची?

बोटीसाठी बॅटरी केबल घेताना केबल किती जाड हवी आणि ती कशाची हवी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाडी ठरते करंट आणि लांबीवरून. केबल किती वर्षं टिकेल हे ठरतं धातूवरून. जास्त जाड घेतली म्हणून हलका धातू चालून जात नाही आणि उत्तम धातूची बारीक केबल तापायची ती तापतेच.

आधी धातू. मरीन केबलमध्ये तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर टिनची कल्हई असते. खारा ओलावा लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याच्या) तोंडातून आत शिरतो आणि तारांमधल्या फटींतून पुढे सरकत जातो. बिनकल्हईच्या तारा आतल्या आत काळ्या-हिरव्या पडतात, त्यांचा रोध वाढतो, आणि बाहेरचं आवरण मात्र नवंकोरं दिसत राहतं. न दिसणारी ही झीजच मला सर्वांत धोक्याची वाटते. म्हणून समुद्रात राहणाऱ्या बोटीसाठी माझं उत्तर एकच: कल्हईची, बारीक तारांची केबल. आवरणावर ‘बीसी-5डब्ल्यू2’ छापलेलं असेल, तर ती कोरड्यात 105 आणि ओल्यात 75 अंश सेल्सिअसपर्यंत चालते.

गाडीची बॅटरी केबल स्वस्त असते, पण तिच्या तारा कमी आणि जाड असतात. इंजिनाच्या थरथरीत त्या लगपाशी तुटू लागतात. शिवाय ती एसएई गेजची (गाड्यांच्या तारांच्या जाडीचं माप) असेल, तर त्याच नंबरच्या एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) केबलपेक्षा तिच्यात 6 ते 12 टक्के तांबं कमी असतं. गोड्या पाण्यातली, एरवी छपराखाली ट्रेलरवर राहणारी छोटी बोट आणि हातभर लांबीचं काम असेल, तर ती चालवून घेता येईल.

वेल्डिंग केबल या दोन्हींच्या मधली. अतिशय लवचीक, अडचणीच्या जागेत सहज वळणारी. पण बहुतेकदा बिनकल्हईची, आणि तेल-इंधनाला तिचं आवरण किती टिकेल हे केबलगणिक बदलतं. खाऱ्या पाण्यात ती कायमची बसवू नये.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल बोटीत नकोच. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के. शिवाय ते लगमध्ये दाबाखाली हळूहळू चेपत जातं, जोड सैल होतो आणि खाऱ्या पाण्यात दोन धातूंमधला गंज वेगाने वाढतो. ओळखायला सोपं आहे: एक तार चाकूने तासून बघा. कल्हईची तार बाहेरून पांढरी, आतून लाल. ही बाहेरून लाल, आतून पांढरी.

आता जाडी. लांबी मोजायची ती जाऊन-येऊन. समजा 12 व्होल्टवर नांगर ओढणारी विंच 80 अँपिअर घेते आणि बॅटरीपासून 8 मीटरवर आहे. म्हणजे 16 मीटर केबल. 0.0175 (तांब्याचा विशिष्ट रोध) × 80 × 16 भागिले केबलमध्ये चालवून घेता येणारी व्होल्टेजची घट (व्होल्टमध्ये), की चौरस मिलिमीटरमध्ये जाडी मिळते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात नेव्हिगेशनचे दिवे, मुख्य पॅनलला वीज पुरवणारी फीडर केबल अशा महत्त्वाच्या गोष्टींना 3 टक्के आणि इतरांना 10 टक्के घट चालते. विंचला 10 टक्के धरले तर सुमारे 19 येतात, म्हणजे बाजारातली 25 ची केबल. 3 टक्क्यांना 62, म्हणजे 70 ची. मी 35 घेईन: घट साडेपाच टक्क्यांच्या आत राहते आणि नांगर अडकला असताना विंच फार रेंगाळत नाही. तीच विंच 24 व्होल्टची असेल तर करंट निम्मा होतो आणि तेवढ्याच टक्के घटीला चौथाई जाडी पुरते; नवी बोट सजवत असाल तर याचा आधी विचार करा. मात्र कमी घटीचा हिशेब जुळला तरी तेवढा करंट केबलला न तापता झेपतो का, हे केबलच्या करंट-क्षमतेच्या तक्त्यात वेगळं बघावं लागतं. इंजिन रूममध्ये 105 अंशाच्या केबलचीही क्षमता 85 टक्केच धरतात.

फ्यूज केबलला जपण्यासाठी असतो, म्हणून तो केबलच्या क्षमतेनुसार निवडायचा. स्टार्टरची केबल वगळता तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. त्याच मानकात मूळ अंतर सुमारे 18 सेंटीमीटर आहे, केबल वेगळ्या नळीत असेल तर सवलत मिळते. लगही कल्हईचे घ्या, योग्य मापाच्या साच्याच्या (डायच्या) क्रिंपरने, म्हणजे लग दाबायच्या हत्याराने, दाबा आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. क्रिंपर नसेल, तर मापाने कापलेली, लग लावून तयार केबल मागवा. हातोडीने ठोकून बसवलेल्या लगवर चांगली केबल वाया जाते.