तळ्याच्या खाद्यात स्पिरुलिना: एका पावसाळ्यानंतर

मुरबाड तालुक्यात आमची दोन शेततळी आहेत. त्यात रोहू, कटला आणि थोडा सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) आहे. वरच्या अंगाला शेजाऱ्यांचे काकडी-कारल्याचे मांडव, बाजूला भातखाचरं. फवारणी झाली आणि मागोमाग सर आली की ते पाणी उताराने आमच्याकडेच येतं. दरवेळी मासे मरतात असं नाही, पण चार-चार दिवस खाद्याला तोंड लावत नाहीत, अंगावरची चकाकी जाते आणि वाढ अडते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या तळ्याच्या खाद्यात स्पिरुलिना, म्हणजे एका निळ्या-हिरव्या शेवाळाची वाळवलेली पावडर, सुरू केली. धाकट्या तळ्याला मुद्दाम दिली नाही.

गावात पहिला प्रश्न आला, "शेवाळ तळ्यात फुकट असताना विकत कशाला?" तळ्यावर आपोआप येणारा हिरवा थर वेगळा. त्यातला मायक्रोसिस्टिस तर स्वतःच विषारी असतो. स्पिरुलिना स्वच्छ टाक्यांत वाढवतात. तिच्यात वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात, शिवाय फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य आणि बीटा-कॅरोटीन. कीटकनाशकामुळे माशाच्या यकृतात आणि कल्ल्यांत जो ऑक्सिडीकरणाचा मारा (पेशींना इजा करणारी रासायनिक क्रिया) होतो, तो ही द्रव्यं सौम्य करतात. इजिप्तमधल्या संशोधकांनी तिलापिया माशाला डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या संपर्कात ठेवून हे तपासलं आहे.

प्रमाण शंभर किलो खाद्याला एक किलो. फायकोसायनिन उष्णतेने मोडतं, त्यामुळे पावडर गोळी तयार होण्याआधी मिसळण्यापेक्षा तयार तरंगत्या गोळ्यांवर चढवलेली बरी. मी तांदळाची घट्ट पेज गार करून त्यात पावडर कालवतो आणि गोळ्यांना चोळतो. वाळवणं ही खरी डोकेदुखी! आषाढात ऊन कुठलं? घरात पंख्याखाली ताडपत्रीवर पसरतो, तेही एका दिवसापुरतंच, नाहीतर बुरशी धरते.

फरक दिसला तो हलक्या माऱ्यात. फवारणीनंतर मोठ्या तळ्यातले मासे लवकर खाद्यावर आले, धाकट्यातले रेंगाळले. रोहूचा रंगही उजळ आहे. दोन्ही तळ्यांची खोली सारखी नाही, तेव्हा सगळं श्रेय पावडरीला देत नाही.

पण भाद्रपदात पायरेथ्रॉइड गटाचं औषध मारल्यावर तासाभरात ढगफुटीसारखा पाऊस आला आणि दोन्ही तळ्यांत मासे उलटे तरंगले. हा गट माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्येही घातक ठरतो, तिथे खाद्यातली पावडर काय पुरी पडणार? क्लोरपायरीफॉससारखी औषधं तर मज्जातंतूंचं एक विकरच (एन्झाइम) अडवतात. त्या दिवशी थोडंफार वाचवलं ते कडेने खणलेल्या चरानं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी चर आणि उंच बांध. शेजाऱ्याशी फवारणीची वेळ ठरवून घेणं तर बिनखर्चाचं.

मासा टवटवीत दिसला म्हणजे त्याच्या मांसातला औषधाचा अंश गेला असंही नाही. मोठी फवारणी झाल्यावर लगेच जाळं टाकून कल्याणच्या बाजारात माल नेणं मला पटत नाही, भाव कितीही असो.

पावडर महाग आहे, खाद्याच्या कितीतरी पट. म्हणून वर्षभर देत नाही, ज्येष्ठ ते आश्विन एवढीच. घेताना चिमूटभर ग्लासातल्या पाण्यात रात्रभर ठेवून बघा. सकाळी पाण्याला निळसर झाक आली नाही तर ती पिशवी दुकानदाराला परत करा.